ताणावरची भुईआवळी

पहिल्या कागदावरचं पान पाच मिलिमीटर लांब होतं, दुसऱ्या कागदावरचं नऊ. विजयमालाने पट्टी पुन्हा लावून पाहिली. मग प्रत्येक कागदावरची आणखी दहा-दहा पानं मोजली. पहिल्यावरची साडेचार ते साडेपाच, दुसऱ्यावरची साडेआठ ते साडेनऊ. झाडं दोन्ही भुईआवळीचीच. बारीक डहाळीच्या खालच्या अंगाने ओळीत लागलेली मोहरीएवढी फळं दोन्हीकडे सारखी होती. कागदांच्या कोपऱ्यात तिच्याच अक्षरात लिहिलं होतं : डिसेंबर १९८२ आणि डिसेंबर १९८३. दोन्हींवर ठिकाण एकच होतं, रघुनाथरावांची संत्र्याची बाग, तिगाव.

१९८७चा जानेवारी चालू होता. सौंसरच्या मुलींच्या शाळेत ती अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवत असे. मापं कशी घ्यायची हे मुलींना दाखवायला वाळवलेली पानं हवी होती, म्हणून तिने खोलीवरच्या ट्रंकेतून ती जुनी फाइल आणली होती. तीन वर्षांत ती उघडली नव्हती. तास संपला, मुली गेल्या, तरी ती त्या दोन कागदांसमोर उभीच होती.

नागपूरला संशोधन करत असताना तिचा विषय होता यकृतावर साठणारी चरबी. पांढऱ्या उंदरांना कार्बन टेट्राक्लोराइड तेलात मिसळून दिलं की दोन दिवसांत त्यांचं यकृत फिकट, पिवळट आणि हाताला तुपकट होतं. माणसाचं यकृतही असं होतं. दारूने होतंच, पण दारूला कधी न शिवलेल्यांचंही होतं. डॉक्टर पथ्य सांगत, वजन उतरवायला सांगत. लिहून द्यायला खात्रीचं औषध त्यांच्याकडे नव्हतं. कावीळ झाली की भुईआवळी वाटून देण्याची रीत मात्र तिच्या गावात घरोघर होती. त्या पाल्यात खरंच काही द्रव्य आहे का, असलं तर ते चरबी साठू देत नाही का, एवढाच तिचा प्रश्न होता.

पहिल्या वर्षी उत्तर मिळालं. औषध न दिलेल्या उंदरांच्या यकृतात दर ग्रॅममागे नव्व्याण्णव मिलिग्रॅम चरबी निघाली, भुईआवळीचा अर्क दिलेल्यांत एकसष्ट. विभागाच्या चर्चासत्रात तिने हे आकडे फळ्यावर लिहिले, तेव्हा मागच्या बाकांवरून टाळ्या वाजल्या होत्या. दुसऱ्या वर्षी तोच प्रयोग पुन्हा केला. नव्व्याण्णव आणि सत्त्याण्णव. म्हणजे काहीच फरक नाही. त्या वेळी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने अगदी सौम्य आवाजात विचारलं होतं, "मग पहिले आकडे आले कुठून?"

तिने तराजू तपासला, उंदरांचं वय तपासलं, रसायनाच्या बाटल्या तपासल्या. चूक सापडेना. मग तिला स्वतःच्या हातांचाच संशय येऊ लागला. सौंसरच्या शाळेची जाहिरात आली, तिने अर्ज केला आणि ती निघून आली.

गेल्या जूनमध्ये तिच्या नागपूरच्या मार्गदर्शक सरांचं पत्र आलं होतं. पीएच.डी.च्या नोंदणीची मुदत एकतीस मार्चला संपते. त्याआधी परत आलीस तर वर्षभर वाढवून मिळेल, नाहीतर नाव कायमचं निघेल. काय ते कळव. पत्राला सात महिने झाले होते. 'कृपया माझी नोंदणी रद्द करावी' असं उत्तर तिने दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा पाकिटावर तिकीट लावायचं राहिलं.

पाच आणि नऊ. तेव्हा तिने दोन्ही नमुने वनस्पतिशास्त्र विभागाकडून तपासून घेतले होते. जात एकच, असा शेरा मिळाला होता. पानं मोजावीत असं तिलाही सुचलं नव्हतं आणि त्यांनाही.

तिने शनिवारची किरकोळ रजा टाकली आणि शुक्रवारी शाळा सुटल्यावर पांढुर्ण्याची बस धरली. तिथून पॅसेंजरने तिगाव, मायकडे.

"काय व विजू, आज शुक्रवारीच आली?" मायनं, म्हणजे पंचफुलाबाईंनी, चुलीपुढून मान वळवली. "तब्येत बरी हाय ना?"

"बरी आहे. उद्या तुह्यासंगं बागेत येतो."

"निंदाले? मास्तरीणबाईले आता निंदाले लावू का मी?"

"पाहाले येतो."

पंचफुलाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. रेल्वेत गँगमन असलेला नवरा वारल्यापासून पंधरा वर्षं त्या रघुनाथरावांच्या बागेत निंदणाला जात होत्या. मुलगी कमी बोलते हे त्यांना ठाऊक होतं. पण जेव्हा ती इतकं कमी बोलते, तेव्हा मनात काहीतरी मोठं असतं हेही ठाऊक होतं. त्यांनी ताटात आणखी एक भाकर वाढली.

सकाळी बागेत पाच-सहा बायका ओळीने बसून विळ्याने गवत काढत होत्या. त्यांच्यात शकुंतलाकाकू होती, मायची जुनी मैत्रीण. हात आणि जीभ दोन्ही सारख्याच वेगाने चालवणारी.

"जयभीम, मास्तरीणबाई! पाहा व, उंदराईची डॉक्टरीण आली! आमच्या घरी लय उंदीर हायेत, तपासून देतं का?"

"तुमच्या घरचे उंदीर तंदुरुस्त आहेत काकू. त्यांना औषध कशाला?"

"म्हनजे तुह्या औषदानं उंदीर मरत नाईत? मंग काय कामाचं व ते?"

बायका हसल्या. विजयमालाही हसली आणि मायच्या शेजारी उकिडवी बसली. पायाखालची जमीन भेगाळलेली होती. वरची संत्र्याची झाडं मरगळलेली, पानं कडेने आत वळलेली, काही पिवळी होऊन आळ्यात पडलेली. विहिरीपलीकडच्या अर्ध्या बागेत मात्र झाडं हिरवीगार होती आणि फळांनी वाकली होती. हे दृश्य ती लहानपणापासून पाहत आली होती. पलीकडची बाग मिरगाची. तिला पावसाच्या सुरुवातीला फुलं येतात, फळ हिवाळाभर झाडावर असतं, म्हणून तिला पाणी चालू. अलीकडची आंब्या बहाराची. तिचं पाणी नोव्हेंबरात तोडायचं, झाडाला दोन महिने तहानेलं ठेवायचं, जानेवारीत पाणी सोडायचं, की ते फुलांनी भरून येतं. यालाच ताण म्हणतात. इथल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं, आणि तिच्या संशोधनाच्या चार वह्यांमध्ये हा शब्द एकदाही आलेला नव्हता.

तिने समोरच्या आळ्यातलं एक झाड उपटलं. बोटभर उंचीचं, जमिनीला चिकटलेलं, तांबूस देठाचं. खिशातून पट्टी काढून पान मोजलं. पाच.

"माय," ती म्हणाली, "पहिल्या साली तू माह्यासाठी भुईआवळी कुठून उपटली होती?"

"अथूनच. याच बागेतून."

"बागेत कुठून? या अंगानं का त्या अंगानं?"

पंचफुलाबाईंचा विळा थांबला. शकुंतलाकाकूचा थांबला नाही.

"मी सांगतो ना," काकू म्हणाली. "पहिल्या साली आपन अथंच निंदून राहिलो होतो, आंब्याच्या अंगानं. तुही माय निंदता निंदता उपटे अन् पोत्यात टाके. पन दुसऱ्या साली! दुसऱ्या साली हे बाई जेवनाच्या सुट्टीत मिरगाच्या बागेत घुसे. एकेक झाड असं निवडे, जसी पोरीच्या लग्नाची साडी घेऊन राहिली. मालकानं पाहिलं त त्याले म्हने, झाडाईची एक वळ फुकट निंदून देतो, पन मले घेऊ द्या. अन् दिली ना निंदून!"

"चूप व शकुंतले," माय म्हणाली.

"काहून चूप? खरं हाय का नाई?"

विजयमाला मायकडे पाहत राहिली. "मला सांगितलं नाहीस."

"त्यात काय सांगाचं?" पंचफुलाबाईंनी गवताची मूठ झटकली. "पहिल्या साली मी सोता पोतं घेऊन नागपूरले आली होती, आठवते? तू पांढरा कोट घालून उभी होती. फरशी अशी चकचकीत की पाय ठेवाले भेव वाटे. अन् त्या चपराश्यानं पोतं उघडलं अन् सगळ्यायसमोर म्हने, बाई, हे त बकरी बी खानार नाई. लोक हासले. तू कोटाची गुंडी लावत खाली पाहून राहिली होती. तवाच ठरवलं म्या. म्हटलं, पुढल्या साली माह्या पोरीच्या कालेजात असा माल धाडीन की कोनाची हासाची हिंमत नाई होनार."

विजयमालाला तो दिवस आठवत होता. चपराशी आठवत होता, हसणंही. माय तेव्हा हसली होती असं मात्र तिला वाटत आलं होतं.

ती उठली आणि विहीर ओलांडून मिरगाच्या बागेकडे गेली. पाटाच्या कडेने भुईआवळी वीतभर वाढली होती, पोपटी आणि कोवळी. पान नऊ मिलिमीटर. तिने एक पान चावलं, थुंकलं, चूळ भरली. मग अलीकडचं, तहानेलं पान चावलं. जिभेच्या मागे कडवटपणा असा बसला की तिला डोळे मिटावे लागले. जीभ हे काही मोजण्याचं साधन नव्हे, हे ती मुलींना दरवर्षी सांगत असे. पण तिला आता वहीतलं एक पान आठवलं. अर्कातली द्रव्यं वेगळी करून पाहायला काचेच्या पट्टीवर दोन्ही वर्षांचे अर्क शेजारी शेजारी चालवले होते. पहिल्याचा एक ठिपका गडद आला होता, दुसऱ्याचा त्याच जागी जेमतेम दिसत होता. तिने शेजारी लिहिलं होतं : पट्टी बिघडली असावी.

पोतं प्रयोगशाळेत आल्यानंतरची प्रत्येक गोष्ट तिने तपासली होती. ते दारात येण्याआधी काय घडलं, हे तिने विचारलंच नव्हतं. घरचा माल होता. मायनं दिलेला.

ती परत आली तेव्हा बायका शिदोऱ्या सोडत होत्या. तिने मायच्या पुढ्यात दोन्ही झाडं ठेवली आणि जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगितलं. पाणी तुटलं की हे झाड बहुतेक स्वतःला जपायला काही कडू द्रव्य जास्त बनवत असेल. उंदरांना गुण आला असेल तर त्या द्रव्याने. पाणी पिऊन वाढलेल्या झाडात ते कमी असेल. "म्हणून दुसऱ्या सालचे आकडे जुळले नाहीत. असं मला वाटते. अजून खात्री नाही."

पंचफुलाबाईंनी भाकरीचा तुकडा परत फडक्यात ठेवला.

"म्हनजे तुहं डॉक्टरपन मीच बुडवलं."

"नाही माय."

"नाई कसं? चांगलं चांगलं म्हनून निवडलं अन् तेच वाईट निंगालं. तू तीन सालापासून मान खाली घालून फिरून राहिली. मले वाटे, तिथं कोनी काई बोललं असंन. अन् बोलनं माह्यामुळं खाऊन राहिली होती तू."

"आईक," विजयमाला म्हणाली. ती भरभर बोलत नसे, आताही बोलली नाही. "दोन्ही साली तू ताणावरची वाळकीच दिली असती त माझे आकडे जुळले असते. मी डॉक्टर झाली असती. अन् उद्या कोणी दुसऱ्यानं हिरवी भुईआवळी घेऊन औषध केलं असतं, त लोकाईनं ते घेतलं असतं अन् गुण आला नसता. का नाही आला, हे कोणालेच समजलं नसतं. तू निवडली म्हणून समजण्याची पाळी आली."

पंचफुलाबाईंनी फडक्याची गाठ मारली. मग म्हणाल्या, "एवढं लांबचं मले समजत नाई. वाळकी पाहिजे का हिरवी, ते सांग."

"दोन्ही. येगयेगळ्या पोत्यात."

"मंग उठा व," पंचफुलाबाई बायकांना म्हणाल्या. "अथल्या पाचच वळी राह्यल्या. निंदून टाकल्या त मंग कुठून आनतं?"

शकुंतलाकाकूने तोंडातला घास संपवला. "मी तोडतो, पन माह्या बुढ्याले यातलं औषद पयले. त्याचं लिवर सुजलं म्हनते तो पांढुर्ण्याचा डॉक्टर. चरबी धरली म्हने."

"काकू, हे अजून उंदरापुढं गेलं नाही."

"त काय झालं? आमचा बुढा उंदरापेक्षा लय पुढं हाय का?"

या वेळी पंचफुलाबाईही हसल्या.

"त्यांची दारू सोडवा," विजयमाला म्हणाली, "अन् डॉक्टरचं आईका. माझ्याजवळचं औषध तयार झालं त पहिले तुम्हाला सांगीन. पण ते होईल का नाही, हे मला आज माहीत नाही."

रघुनाथराव बारा वाजता फेरी मारायला आले तेव्हा त्यांच्या बागेत सहा बायका गवत फेकून देण्याऐवजी जपून पोत्यात भरत होत्या. त्यांनी टोपी मागे सरकवली.

"काय होऊन राहिलं हे? आता तनाचंबी संशोधन का? आमच्या संत्र्याचं करा ना बाप्पा! फळ गळून राहिलं, त्याच्यावर काढा औषद."

विजयमालाने नमस्कार केला आणि विचारलं, पाणी कधी सोडणार.

"सोमवारी. ताण पुरा झाला."

म्हणजे दोन दिवस. सोमवारनंतर ही झाडंही पाणी प्यायला लागली असती. "मला दोन वळी न निंदता ठेवता येतील का? पाणी सोडल्यावर आठ दिवसांनी त्याच जागची झाडं पाहिजेत. अन् या बागेचं पाणी तोडल्याची तारीख पाहिजे."

"तारीख त हाय, कॅलेंडरवर लिवून ठेवतो मी. नोव्हेंबरची अठरा." ते विचार करू लागले. "ब्याऐंशीची, त्र्याऐंशीची पाहिजे असंन त तेबी सापडंन. जुनी कॅलेंडरं मी फेकत नाई, बायको कावते तरी. पन दोन वळी ठेवल्या त लोक म्हनतील, रघुनाथरावाची बाग तनानं माजली."

"त सांगजा, कालेजवाल्यायनं ठेवाले लावली," शकुंतलाकाकू ओरडली. "मान वाढंन तुमचा!"

रघुनाथराव गंभीरपणे मान हलवून गेले आणि जाताना मिरगाच्या बागेत शिरणाऱ्यांना फळाला धक्का न लावण्याची ताकीद देऊन गेले.

दोन वाजेपर्यंत दोन पोती भरली. ताणावरच्या पोत्याला विजयमालाने तांबड्या सुताने बांधलं, पाण्यावरच्या पोत्याला पांढऱ्या, आणि आत तारखेच्या चिठ्ठ्या टाकल्या. पोती घेऊन दोघी मायलेकी पांढुर्ण्याला आल्या. सर शनिवारी चार वाजेपर्यंत विभागात असत. पोस्टात ट्रंक कॉल लावला तेव्हा तीन वाजायला आले होते.

बाकावर दोघींच्या मध्ये पोती होती. मनीऑर्डरच्या खिडकीपाशी रांग लागली होती. पंचफुलाबाईंनी हळूच विचारलं, "सायेबाले काय सांगतं?"

"जे झालं ते."

"मी निवडली, हेबी?"

"हो. ते सांगितल्याशिवाय बाकीचं समजणार नाही."

पंचफुलाबाई पदर सारखा करून म्हणाल्या, "सांग. पन फुकट वळ निंदून दिली, तेबी सांग."

पाऊण तासाने कॉल लागला. खरखरीतून सरांचा आवाज आला आणि विजयमालाने, मधे थांबून श्वास घेत, पाच मिलिमीटरपासून ते बाकावरच्या त्या दोन पोत्यांपर्यंत सगळं सांगितलं. फळ्यावरचे पहिले आकडे खोटे नव्हते, हे ती शेवटी म्हणाली आणि ते वाक्य तोंडातून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की ते तिने आजवर कुणालाच म्हटलेलं नव्हतं. स्वतःलासुद्धा नाही.

सरांनी एकेक शब्द सावकाश उच्चारला.

"म्हणजे पाण्याच्या ताणाने द्रव्याचं प्रमाण बदलतं, असं तुझं म्हणणं आहे."

"म्हणणं नाही सर. शंका आहे. तपासावी लागेल."

"शंका चांगली आहे. फार चांगली आहे." आवाज उजळला होता. "असं कर, पोती इकडे पाठवून दे. एक नवी विद्यार्थिनी आली आहे माझ्याकडे, हुशार आहे, तिला विषय हवाच होता. तुझं नाव प्रबंधात येईल, मी लक्ष ठेवीन. तुला शाळा सोडायला नको, त्या सगळ्यांसमोर पुन्हा उभं राहायला नको. चालेल ना?"

चालण्यासारखं होतं. तिच्या डोळ्यांपुढे ती खोली आली, फळा, मागचे बाक, तो सौम्य आवाज. पोती पार्सलने गेली असती. सोमवारी तिने सौंसरला तास घेतला असता.

तिने वळून पाहिलं. माय दोन्ही हात दोन्ही पोत्यांवर ठेवून, जणू कुणी ती उचलून नेईल अशा धास्तीने बसली होती आणि तिच्याचकडे पाहत होती.

"नाही सर," विजयमाला म्हणाली.

"काय? मोठ्याने बोल, इथे काही ऐकू येत नाही!"

आयुष्यात ती चार लोकांत कधी ओरडली नव्हती. तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. मनीऑर्डरची रांग, खिडकीमागचा कारकून, सगळे तिच्याकडे वळले, इतक्या मोठ्याने ती म्हणाली, "पोती मी घेऊन येते, सर! काम मीच करणार आहे. शाळेत बिनपगारी रजा टाकते आणि पुढच्या महिन्यात मी नागपूरला परत येते!"